गावात घर बांधायला दिलंय, सगळं तोंडी ठरलंय. वाद झाला तर नेमकं काय होतं?

मुंबई-गोवा हायवेवर कणकवलीच्या अलीकडे नांदगाव तिठा लागतो. इथून देवगडचा रस्ता फुटतो आणि कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशनही जवळच आहे. हायवे रुंद झाल्यापासून या पट्ट्यात आणि आसपासच्या वाड्यांत जुनी कौलारू घरं उतरवून तिथं नवी स्लॅबची घरं उभी राहताना दिसतात. बांधणाऱ्यांमध्ये चाकरमानी बरेच आहेत. त्यांची नोकरी मुंबई-पुण्यात, पीएफचे किंवा निवृत्तीचे पैसे हातात, आणि पुढच्या गणपतीला नव्या घरात मूर्ती बसवायची इच्छा.

काम देण्याची पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच. ओळखीतला कंत्राटदार असतो, बहुतेक वेळा गावातलाच. अंगणात खुर्च्या टाकून बोलणं होतं, फुटाचा दर ठरतो, नारळ फुटतो. "तुमी काय्येक काळजी करू नकात, मी आसंय" एवढं ऐकलं की मालक रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. कागद झालाच तर एका वहीच्या पानावर दर आणि ॲडव्हान्सची रक्कम.

बऱ्याच घरांचं काम असंच पुरं होतं, हेही खरं. पण काम अडलं की दोघांच्याही लक्षात येतं की ठरला होता तो फक्त दर. बाकी सगळं दोघांनी आपापल्या मनात ठरवलेलं होतं.

तोंडी करार कायद्याला चालतो का?

चालतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. दोघांची संमती, योग्य मोबदला आणि कायदेशीर काम एवढं असलं की करार होतो. घर बांधण्याचा करार लेखीच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे "कागदच नाही, तर तो माझं काय करणार" हा मालकाचा समज चूक आणि कंत्राटदाराचाही चूक. त्याच कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि त्याने त्या कामाचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते.

अडचण येते ती पुराव्याची. करार होता हे सिद्ध करता येतं, पण त्यात काय काय होतं हे सिद्ध करायला साक्षीदार, व्हॉट्सॲपचे मेसेज, यूपीआयच्या नोंदी आणि गवंड्याची डायरी गोळा करावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात मोबाइलमधले मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण कलम ६३ प्रमाणे सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलताना जुने चॅट उडाले असतील तर तेही नाही.

म्हणजे भांडण सुरू होतं घराच्या भिंतीवरून आणि चार वर्षं चालतं ते "असं बोलणं झालंच नव्हतं" यावर.

पहिला वाद 'फुटा'चा

समजा, दर ठरला २,००० रुपये फूट आणि घर ठरलं एक हजार फुटांचं. मालकाच्या डोक्यात हिशोब २० लाखांचा. कंत्राटदार मोजतो स्लॅबचं क्षेत्रफळ, म्हणजे भिंतींच्या जाडीसकट, वर पडवी, बाल्कनी, बाहेर आलेले छज्जे आणि जिना. ही बेरीज ११८० फूट निघाली की बिल होतं २३ लाख ६० हजार. इथं कुणीच कुणाला फसवलेलं नाही. 'फूट' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला आणि त्याची किंमत झाली ३ लाख ६० हजार.

जांभ्या चिऱ्याच्या घरात हा फरक आणखी जाणवतो, कारण चिऱ्याची भिंत विटेच्या भिंतीपेक्षा जाड असते. आतून चालायला मिळणारी जागा आणि बाहेरून मोजलेली जागा यांत बरीच तफावत पडते.

कागदावर यासाठी दोन-तीन ओळी पुरतात. माप कुठून कुठपर्यंत, पडवी आणि बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, छज्जे धरायचे की नाही, जोत्याची उंची किती आणि त्यापेक्षा खोल पाया घ्यावा लागला तर त्याचा दर काय. उतारावरच्या जागेत हा शेवटचा मुद्दा सोडू नये. कोकणात सपाट जागा नशिबानेच मिळते, आणि एका कोपऱ्यात तीन फूट तर दुसऱ्या कोपऱ्यात सात फूट जोतं चढवावं लागलं की 'फुटाच्या दरात' ते बसतं की नाही यावर हमखास बोलाचाली होते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे नकाशाच करारासोबत जोडायचा आणि त्याच्या प्रत्येक पानावर दोघांनी सही करायची.

'चांगलं मटेरियल' म्हणजे काय?

"सिमेंट चांगल्या कंपनीचं, लोखंड चांगलं, लाद्या चांगल्या." वहीच्या पानावर हे वाक्य खूप वेळा सापडतं, आणि भांडणात ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं. चांगलं म्हणजे काय हे कोर्टाने कसं ठरवायचं?

याउलट मानकाचा क्रमांक लिहिला की वाद मोजण्याजोगा होतो. जांभ्या चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे. काँक्रीटसाठी आयएस ४५६ आहे, ज्यात लोखंड घातलेल्या काँक्रीटला किमान एम-२० दर्जा सांगितला आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडं असणारं काँक्रीट असेल तर तेच मानक एम-३० सांगतं. म्हणजे मालवण किंवा देवगडच्या किनाऱ्यालगतचं घर आणि आत नांदगावचं घर यांचं काँक्रीट सारखंच असेल असं नाही. नांदगावात चाललेला दर किनाऱ्यावरच्या घराला लावून घ्यायचा आणि मग पाच वर्षांत स्लॅबचे पोपडे पडले म्हणून भांडायचं, यात अर्थ नाही.

पाणी मारण्याचंही तसंच. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायचं, असं आयएस ४५६ मध्ये आहे. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, टँकर मागवावा लागतो आणि तो कुणी मागवायचा हे ठरलेलं नसतं. मालक म्हणतो कंत्राटदाराने, कंत्राटदार म्हणतो पाणी आणि लाइट मालकाची. त्या ओढाताणीत स्लॅब कोरडा पडतो. करारात "पाण्याची सोय अमुक करेल" एवढी ओळ असती, तर घर अधिक मजबूत झालं असतं. कायद्याचा कागद आणि बांधकामाचा दर्जा यांचा संबंध इतका थेट असतो.

पावसाळा आणि १९७९ चा एक निकाल

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्यावरच्या बांधकामाचा खरा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. तरीही करार होतो तो "बारा महिन्यांत घर ताब्यात" असा. बारा महिन्यांतले चार पावसाचे, मग राहिले किती?

हाच प्रश्न महाराष्ट्रातूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १९७९ चा. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून पाणी नेणारा जलसेतू बांधायचा होता. काम सुमारे १ लाख ७ हजार रुपयांचं, मुदत बारा महिने आणि काम सुरू करण्याची तारीख ५ जुलै १९५५, म्हणजे ऐन पावसात. काम मुदतीत झालं नाही, कंत्राटदाराने मागितलेली वाढ मिळाली नाही आणि ऑगस्ट १९५६ मध्ये शासनाने कंत्राट रद्द केलं. कंत्राटदार कोर्टात गेला.

करारात "वेळ हा या कराराचा गाभा आहे" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही सुप्रीम कोर्टाने कंत्राटदाराच्या बाजूने निकाल दिला. कारण त्याच करारात मुदत वाढवून देण्याचं कलम होतं आणि उशिराबद्दल दंडाचंही कलम होतं. उशीर झाला तर दंड घ्यायचा किंवा मुदत वाढवायची असं तुम्हीच लिहिलं असेल, तर मुदत उलटली म्हणून लगेच करार मोडता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्यासाठी आधी नवी, वाजवी मुदत देऊन "आता ही मात्र शेवटची" अशी नोटीस द्यायला हवी होती.

घर बांधणाऱ्याला या निकालातून थेट उपयोगी पडेल असं बरंच आहे. नुसती शेवटची तारीख लिहून भागत नाही. पावसाळ्याचे महिने मुदतीत धरले आहेत की वगळले आहेत, मुदतवाढ कोणत्या कारणांसाठी मिळेल, ती किती दिवसांत लेखी मागायची, आणि वाढीव मुदतही उलटली तर किती दिवसांची नोटीस देऊन काम काढून घेता येईल, हे ओळीने लिहावं लागतं. टप्पेही हंगामाला धरून ठेवावेत. मेअखेर स्लॅब पडला की पावसात आतला गिलावा, वायरिंग आणि प्लंबिंग चालू ठेवता येतं. स्लॅबच राहिला तर चार महिने भिंती भिजत उभ्या.

दंडाच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. "उशीर झाल्यास रोज पाच हजार" असं लिहिलं की तेवढे पैसे आपोआप मिळतील असं वाटतं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि कोर्ट त्याच्या आत 'वाजवी' भरपाई देतं. त्यामुळे आकडा ठरवताना खरं नुकसान काय होईल ते पाहावं. उदाहरणार्थ, उशिरामुळे द्यावं लागणारं महिन्याचं भाडं. त्या हिशोबावर उभा असलेला आकडा कोर्टात जास्त टिकतो.

पैसे कधी द्यायचे?

महिन्याला पैसे देणं किंवा "गडी येऊन बसलेत, जरा पाठवा" असा फोन आला की पाठवणं, या दोन्ही पद्धतींत काम आणि पैसे यांची जोडी तुटते. स्लॅबच्या आधीच ७० टक्के रक्कम गेली असेल तर कंत्राटदारालाही उरलेल्या कामात रस राहत नाही. तो लबाड असतो म्हणून असं होतं असं मुळीच नाही. त्याने त्या पैशातून दुसऱ्या कामाचं देणं भागवलेलं असतं आणि आता त्याच्याकडेच खेळतं भांडवल नसतं.

पाया, जोतं, चिऱ्याचं बांधकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग असे टप्पे करून प्रत्येकाला टक्केवारी लावली की हा प्रश्न बराच सुटतो. शेवटचे पाच टक्के राखून ठेवून एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, ही पद्धत सरकारी कामांतल्या अनामतीसारखीच आहे. ती सुरुवातीलाच सांगितली तर कंत्राटदार दर त्याप्रमाणे लावतो. मागाहून अडवून धरली तर मात्र ते बिल थकवणं ठरतं.

जादा कामाचं काय? मालकीणबाई मेमध्ये येतात, स्वयंपाकघरातला ओटा दुसऱ्या भिंतीला हवा म्हणतात, देवघरासाठी कोनाडा वाढतो, बाथरूम सरकतं. कंत्राटदार "हो ताई" म्हणून करून टाकतो आणि शेवटच्या बिलात लाखभर रुपये 'जादा काम' म्हणून येतात. यावर उपाय म्हणजे करारात असं लिहायचं की जादा काम आधी व्हॉट्सॲपवर दर आणि रकमेसह पाठवायचं आणि मालकाने 'मान्य' असं उत्तर दिल्यावरच सुरू करायचं. हे कलम कंत्राटदाराच्या जास्त फायद्याचं आहे. लेखी मान्यता नसलेल्या जादा कामाचे पैसे वसूल करणं हे त्याच्यासाठीच सर्वांत कठीण असतं.

वाळू आणि चिऱ्याचे दर वाढले तर काय, हेही लिहावं. खाडीतल्या वाळूचे लिलाव अडले की दर एका आठवड्यात बदलतात. दोघांनी ठरवून एक हद्द घालता येते. ब्रासमागे अमुक रकमेपर्यंतची वाढ कंत्राटदाराची, त्यावरची मालकाची. मजुरीवर काम दिलं असेल आणि माल मालकच आणत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

त्यात जीएसटीचाही फरक पडतो. स्वतंत्र एका घराचं काम फक्त मजुरीवर दिलं तर त्या सेवेला जीएसटी माफ आहे. मालासकट कंत्राट असेल आणि कंत्राटदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के लागतो. २० लाखांच्या कामावर ते ३ लाख ६० हजार होतात. ठरलेल्या दरात जीएसटी धरलाय की तो वेगळा, या एका ओळीची किंमत तेवढी आहे.

काम अर्ध्यावर थांबलं तर

इथं सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. जुना कंत्राटदार येईनासा झाला की मालक चिडून आठवड्यात दुसरा लावतो. दुसरा काम सुरू करतो, आणि पहिल्याने किती काम केलं होतं याचा पुरावा त्याच दिवशी गाडला जातो.

करारात काम काढून घेण्याची पद्धत असेल तर बरं. नोटीस किती दिवसांची, ती कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नंबरवर, त्यानंतर दोघांनी मिळून मोजमाप घ्यायचं, आणि एकजण आला नाही तर तटस्थ इंजिनिअरने फोटोंसह मोजमाप घ्यायचं. करार नसला तरी निदान हे मोजमाप करूनच नवा माणूस लावावा.

घर झालं, पाऊस आला, स्लॅब गळला

बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. हे वाचून अनेकांना वाटतं की आपल्या गावच्या घरालाही ते लागू आहे. तसं नाही. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी कंत्राटदार लावून बांधलेलं घर त्या कायद्यात येत नाही. तिथं हमी तेवढीच, जेवढी तुम्ही लिहून घ्याल.

किती काळाची लिहावी? कोकणात तरी निदान दोन पावसाळे. पहिल्या पावसात भिंती आणि स्लॅब पाणी पितात, दुसऱ्यात कळतं की दुरुस्ती टिकली की नाही. गळती, भेगा, जोत्यातून चढणारी ओल आणि निघालेल्या फरश्या अशी नावं घेऊन लिहावं आणि कळवल्यापासून किती दिवसांत माणूस पाठवायचा तेही.

हमी लिहून घेण्याचं मोठं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. त्यात दोष कुणाचा हा चौकशीचा आणि कोर्टाचा विषय. पण नव्या ६० फुटी पुतळ्याची निविदा काढताना सार्वजनिक बांधकाम विभागाने पुतळा शंभर वर्षं टिकेल अशी हमी आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटदाराकडेच, अशा अटी घातल्या. ११ मे २०२५ ला त्याचं अनावरण झालं. घराच्या कराराला शंभर वर्षांची गरज नाही. पण किती टिकलं पाहिजे आणि नाही टिकलं तर कुणी यायचं, हे काम देतानाच लिहायचं, एवढं तिथूनही घेता येतं.

आणि तरीही वाद झालाच तर?

घर बांधून देणं ही 'सेवा' आहे, असं सुप्रीम कोर्टाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच सांगितलं आहे. त्यामुळे राहण्यासाठी घर बांधून घेणारा मालक ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. सिंधुदुर्गचा आयोग ओरोसला आहे, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते. ठाण्यात राहणाऱ्या चाकरमान्याला प्रत्येक तारखेला गावी यायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. "बघू, करू" करत कंत्राटदाराने दोन वर्षं काढली तर नुसत्या फोनवरच्या आश्वासनांनी ती मुदत वाढत नाही.

कंत्राटदाराला मात्र थकलेल्या बिलासाठी दिवाणी कोर्टातच जावं लागतं, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ती मोजतात.

करारात लवादाचं कलम घालायची आता फॅशन आहे, बहुतेक वेळा इंटरनेटवरच्या मोठ्या कंपन्यांच्या नमुन्यातून उचललेलं. २० लाखांच्या घराला लवादाचा खर्च परवडत नाही. त्यापेक्षा दोघांनाही मान्य असा, दोघांच्याही नात्यात नसलेला एक इंजिनिअर करारात नावानिशी लिहावा आणि माप व दर्जाचा वाद आधी त्याच्याकडे न्यावा. तसंही लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क जात नाही.

कागद कसा करायचा? असा करार रजिस्टर करावा लागत नाही, कारण जमीन कुणाच्या नावे होत नाही. पण स्टॅम्प लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरचा स्टॅम्प चालत नाही, किमान ५०० चा लागतो, आणि कामाच्या कंत्राटाला महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ६३ प्रमाणे रकमेनुसार शुल्क पडतं. नेमका आकडा कणकवलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. कमी स्टॅम्पचा करार रद्द होत नाही, पण उरलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. नोटरी केली तर सह्या कुणाच्या हा वाद उरत नाही.

सहीआधी दोन कागद कंत्राटदाराकडून मागून घ्यावेत. एक, परातीवरून पडून किंवा स्लॅब टाकताना गड्याला इजा झाली तर त्याचा विमा. दुसरा, कंत्राट व्यक्तीच्या नावे आहे की फर्मच्या, आणि पैसे ज्या खात्यात जाणार ते खातं त्याच नावाचं आहे का, याचा पुरावा. सही काकांची, यूपीआय पुतण्याचा आणि पावती कुणाचीच नाही, असं झालं की आयोगासमोर पहिला अर्धा तास काका-पुतण्याचं नातं समजावण्यात जातो.